शेरा

रविवारी सकाळी वाटायची आहेत,
म्हणून शनिवारी रात्री जेवणाचं टेबल दोनदा पुसून
मी बारा प्रमाणपत्रं मांडतो.
पंखा बंद.
शाई वाळेपर्यंत घरात कुणी दारही आपटायचं नाही.

कोपरखैरणे, शाळेचा हॉल, भाड्याने, आठवड्यातून तीन दिवस.
रविवारी तिथे कुणाचं तरी बारसं असतं.
सोमवारी पोरं एकदम किआय ओरडतात
आणि छताला चिकटलेला एखादा फुगा
हळूच खाली येतो.

फोन चालूच.
रेयांशच्या आईला नावात दोन ए हवेत, पासपोर्टात तसंच आहे.
"दहावीला गुण किती वाढतील, सर?"
हे विचारणारे वडील
पोराच्या एकाही परीक्षेला आले नव्हते.
बघतो म्हणतो. निब बुडवतो.
घरत, भोईर, कुरियन, पुन्हा घरत.
सहा झाली, स्वच्छ.

सातवं.
हिराजी पोशा मढवी, वय अठ्ठावन्न.
रबाळ्याला प्रेस मशीनवर सत्तावीस वर्षं,
पैकी एकोणिसाव्या वर्षी
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.
नातीला सोडायला यायचा, दाराशी बसून
सगळ्यांच्या चपला राखायचा.
एक दिवस स्वतःच्या काढून आत आला.
नात केव्हाच कथ्थकला गेली.
हा राहिला.

कागदावर छापलंय, मीच छापून घेतलंय,
'सर्व तंत्रे विहित पद्धतीने सादर केल्याबद्दल'.
विहित पद्धत अशी:
चार बोटं दुमडा, वरून अंगठ्याचं कुलूप लावा,
ठोसा पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी बसू द्या.
हिराजीची नेमकी तीच दोन गेलीत.
मुळं आहेत.
कुलूप लागत नाही, मुठीत फट राहते,
आणि ठोसा बसतो.
मी पॅड धरलंय त्याच्यासमोर, मला माहीत आहे.

परीक्षेला पुण्याहून आलेले परीक्षक
माझ्या कानाशी लागले, "मूठ?"
मी म्हणालो, "हीच."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पान उलटलं.

तरी आता निब हवेतच आहे.
चार बोटांच्या कितीतरी मुठींना दिलीत मी ही
आणि 'विहित' हा शब्द
एकदाही वाचला नव्हता.

परवा फीच्या नोटा तीन बोटांनी मोजत म्हणाला,
"सर, नाव जरा मोटं लिवा.
भितीवरचा मना दुरशी वाचाला आला पायजे."

मोठं लिहितो.
ढ ची शेपटी ठिपक्यांच्या ओळीखाली उतरते,
उतरू दे.
तांबडा शिक्का. सही.
मग रजिस्टर: क्रमांक एकशे त्रेचाळीस, तारीख, दान पहिला,
आणि शेवटचा रकाना, शेरा,
जो एकशे बेचाळीस नावांपुढे कोराच आहे.

त्यात लिहितो,
मूठ तपासली. बरोबर.

आतून ही विचारते, लावू का आता पंखा?
नको.
अजून पाच आहेत.