शेवटाकडून कापायचा आकडा

सेगेदमध्ये मी ज्यांच्याकडे भाड्याने राहिले
त्या एटेल्का नेनी सलामीच्या कारखान्यात
एकतीस वर्षं हिशेब लिहीत होत्या.
पहिल्याच थंडीत त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर
खडूने एक आकडा लिहिला
आणि म्हणाल्या, "काप. पण शेवटाकडून."

७३९३९१३३

मी मनातल्या मनात आपल्या पद्धतीने वाचला:
सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार
एकशे तेहेतीस.
दोनदा चाळीस भरता भरता राहिलेला.

शेवटचा तीन मी बोटाने पुसला.
उरलं त्याला कशानेच भाग जाईना.
आणखी एक तीन. जाईना.
मग एक, मग नऊ. पुन्हा तीन, पुन्हा नऊ.
नेनी एकही चकती तपासल्याशिवाय सोडायच्या नाहीत;
मोठ्या तुकड्यांना आठवडा आठवडा लागे,
वह्या संपत, चहा गार होई,
तिसा नदीच्या काठचा बर्फ काळा पडून विरघळला
तेव्हा आम्ही त्र्याहत्तरपाशी होतो.

"आमच्याकडे अशा संख्येला मूळ म्हणतात," मी सांगितलं.
"मूळ म्हणजे?"
मी टेबलाखाली, जमिनीकडे बोट दाखवलं.
त्या खूश झाल्या. त्यांच्या जुन्या पुस्तकांत तिला
खोड म्हणायचे.
"म्हणजे एकच झाड. तू खालून बघतेस, मी मधून."

एकदा मी हट्टाने पुढून कापला.
सात काढला मात्र,
अकरा सरळ आत शिरला:
अकरा गुणिले तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे तीन.
"सलामी ज्या टोकाला टांगलेली असते,"
नेनी म्हणाल्या, "तिथं सुरी लावायची नाही."

आणि वाढवून पाहिला तर?
मागे एक लावा, तीनने भाग जातो.
सात लावा, नऊनेसुद्धा.
तीन आणि नऊ दिसायला धडधाकट,
पण खोल कुठंतरी पोखरलेले निघतात.
याच्यापुढे या जातीचा आकडाच नाही.
असा वंश, जो आठव्या घरात थांबला.

दुसऱ्या वर्षी नेनी माझं नाव विसरल्या.
मग ट्रामचा नंबर.
मग पेन्शनची तारीख, मग कारखाना,
मग नवरा गेल्याचं;
रोज संध्याकाळी सुपाचे दोन वाडगे मांडू लागल्या
आणि मी दुसऱ्या वाडग्यापाशी गप्प बसू लागले.
भाचीचं नाव बोग्लार्का. ती आली तर तिला
आईच्या नावाने हाक मारली.

जूनमध्ये डॉक्टर आले.
आज वार कोणता? शहर कोणतं? वय किती?
नेनींनी बराच वेळ फळीकडे पाहिलं.
"सात," म्हणाल्या. "अंगणात शेजारचा यानोश थांबलाय,
आम्हाला पूर बघायला जायचंय."

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.
मी मात्र सवयीने तपासून पाहिलं.
दोनने. तीनने.
नाही जात.