दगडफूल, मादी, वय अंदाजे चार

फॉर्मलिनच्या बाटलीत तीन तुकडे आलेत,
प्रत्येकी सहा मिलिमीटर,
मसुरीच्या डाळीएवढे.
चिठ्ठीवर डॉक्टर मुकादमांचं घाईचं अक्षर:
मांजर, नाव दगडफूल,
मुक्काम तुर्भे, मसाला मार्केट.
मान, पोट, डावी मांडी. सहा महिने खाज.

खाली एक ओळ निराळ्या पेनाने:
'धुतलं नाही. खपली तशीच ठेवलीय.
– ज्ञानू शेडगे, तोलणार.'

बरं केलंत, शेडगे.
लोक लाजेपोटी घासूनपुसून आणतात जनावर,
पाहुण्यांपुढे पोर आणावं तसं,
आणि सगळी बातमी मोरीत वाहून जाते.

सानपाड्याला दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
एसी बंद, खिडकी उघडी;
वाऱ्यावर मिरची येते.
दोनदा शिंकले,
मग डोळा भिंगाला लावला.

वरचा थर सुजलेला, स्पंजासारखा.
खाली रक्तवाहिन्यांभोवती
इओसिनोफिलांची दाटी, लालकेशरी,
बेडगीचं पोतं उसवावं तशी.
मधूनच मास्ट पेशी, जांभळ्या,
गच्च भरलेल्या, फुटायच्या बेतात.
बुरशी नाही. खरजेचा किडा नाही. कॅन्सर नाही.
'नाही' लिहिताना
हात जरा हलका होतो.

अ‍ॅलर्जी. इतकं कातडी बोलते.
कशाची, ते नाही.
पिसू चावली तरी हेच चित्र,
मासळी सोसली नाही तरी हेच,
धण्या-हळदीची धूळ असली तरी हेच.
चाळीतल्या शेजारणीसारखं:
भांडण झालं, हे शपथेवर सांगेल;
सुरुवात कुणी केली विचारा,
तोंडात मिठाची गुळणी.

संध्याकाळी फोन. मागे हातगाडीची चाकं.
'मॅडम, मिरचीमुळंच ना? सरळ सांगा.
गावी सोडून येतो तिला, जावळीला.
हवा चांगली तिथली.'
मग आवाज खाली आला:
'पण तिथं मी नसतो.'

म्हटलं, थांबा. आधी पिसवांचं औषध,
न चुकता, दर महिन्याला.
मग आठ आठवडे एकच खाणं,
कुणी बोंबलाचं डोकंसुद्धा टाकायचं नाही.
मार्केटवर आळ शेवटी.

'म्हणजे तपास झाला, पण संपला नाही.'
'नाही.'

तोलणार माणूस;
काटा स्थिर होईपर्यंत
थांबायची सवय आहे.
'बरं,' म्हणाला,
आणि खोकला. बराच वेळ.

मी विचारलं, हा कधीपासून?

'हा होय? हा माझा, मॅडम.
तुम्ही मांजराचं सांगा.'