शून्य सेकंद

दर सोमवारी मी अन्झोरकाकाला आकडे वाचून दाखवते.
तो भट्टीपाशी, बोटांवर इमेरेतीची माती,
मोबाइलला हात लावत नाही.

"भेटी एकशे चाळीस," मी म्हणते, "माणसं एक्याण्णव."
"म्हणजे काही जण पुन्हा आले. कोण?"
नावं नसतात, काका. शहरं असतात, तीही अंदाजाने:
ल्योन, रीगा, ओहायोतलं कुठलंसं गाव.
आणि यातली तेवीस तर यंत्रंच,
नुसती दारं मोजत हिंडणारी.
"मग त्यांच्यासाठी पेले मांडायला नकोत,"
म्हणत तो रांजणाच्या कडेवर मातीचा पुढचा वळ थापतो.

बासष्ट टक्के उंबऱ्यावरूनच परत गेले
हे मी जरा हळू आवाजात सांगितलं.
आमच्या गावात पाहुणा असा परतला
तर घरात भांडण चालू असणार असं धरतात.
"पण थांबले तरी किती वेळ?"
शून्य सेकंद.

मग समजावून सांगावं लागलं,
आणि सांगता सांगता मलाच समजलं:
हे घड्याळ दोन टिचक्यांमधलं अंतर मोजतं.
एक टिचकी दार उघडल्याची,
दुसरी आतल्या खोलीत शिरल्याची.
जो पहिल्याच पानावर रमला,
रांजण जमिनीत पुरायची सगळी रीत वाचली,
चहा गार होऊ दिला
आणि खिडकी मिटून झोपायला गेला,
त्याची दुसरी टिचकी नाहीच.
कशातून काय वजा करणार?
म्हणून शून्य.

काका बराच वेळ गप्प.
मग ओल्या हाताने रस्त्याकडे दाखवत म्हणाला,
"गेल्या द्राक्षतोडीला तो ट्रकवाला आठवतो?
टायर बदलायला थांबलेला.
टायर बदलून झाला, तरी भट्टीसमोर उभाच,
पार दिवे लागेपर्यंत.
काही विचारलं नाही, काही घेतलं नाही, नावही नाही सांगितलं.
त्याच्यापुढे काय लिहिशील तू?"

मी मोबाइल पालथा ठेवला.
समोर नवा रांजण, मानेपर्यंत आलेला.
वरून पाहिलं तर नुसतं शून्य;
आत वाकले तर माझाच श्वास
खालून, उशिराने, परत आला.

"लाकडं किती उरलीत?" काकाने विचारलं.
ती मोजायला मी उठले.