ढगाळ

माझ्या वहीत चंद्र नाही.
तिसऱ्या भागात गारोमूनं तो फोडला.
सत्तावीस तुकडे, मी स्वतः मोजलेले,
प्लास्टरचे, तारेनं टांगलेले.
त्यानंतर आठ चित्रपट, दर रात्रीच्या दृश्याला
मी सेटवर ओरडत आले :
चंद्र काढा, आपल्याकडे चंद्र नाही.

त्यांच्या वहीत आहे.
तेत्सुबे, तो लोखंडी पोरगा,
प्रत्येक भागाच्या शेवटी चंद्राकडे बघत बसतो.
त्याला घडवणारी बाई तिथं पुरली आहे.

आता तोकुनागासाहेबांनी सोयरीक जमवली.
दोन्हीकडच्या तिकिटांची बेरीज झाली,
नववर्षाच्या सुट्टीचा मुहूर्तही निघाला.
पत्रिका कुणी पाहिली नाही.
पत्रिका माझ्याकडे असतात.

गारोमू पन्नास मीटर, तेत्सुबे अठरा.
"मधलं धरा की, पस्तीस,"
साहेब म्हणाले, मुळ्याचा भाव पाडावा तसे.
मी पस्तीस लिहिलं. पेन्सिलीनं.

पटकथेत होतं तेच, जे अशा भेटीत असतंच :
आधी गैरसमजाची मारामारी, एक पूल जातो,
मग दोघांहून थोरला कुणी तिसरा उगवतो,
मग खांद्याला खांदा.
मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही.
अकरा चित्रपट ज्याला लोक भ्याले
त्याच्या पाठीवर कुणी दोस्तीची थाप मारली
की भीती पुन्हा कामावर येत नाही.
आणि तो पोरगा एकटा होता
म्हणूनच तर तो पोरगा होता.

तामा नदीवरून वारा यायचा, स्टुडिओचे पत्रे वाजायचे.
गारोमूच्या पोटात कुरामोची, अकरा वर्षं,
मानेतल्या दहा येनच्या नाण्याएवढ्या भोकातून
जग पाहणारा.
तेत्सुबेच्या डब्यात सेनबा, वय तेवीस,
त्याला तर तेवढंही भोक नव्हतं.
दुपारी दोघं बनियनवर, एका किटलीतला जवाचा चहा पीत
एकमेकांशी अक्षरही बोलत नसत.

हातमिळवणीचा शॉट.
पहिल्यांदा पंजा हवेतच चाचपडला.
दुसऱ्यांदा शेपटीनं एक बँक पाडली,
ती पुन्हा उभी करायला दीड तास.
तिसऱ्यांदा दोघं एकमेकांना ओलांडून
पाठमोरे, आपापल्या चित्रपटात चालत गेले.
चौथ्यांदा पंजाला पत्र्याचा हात सापडला
आणि सुटेचना.
कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही.
रबराच्या आत कुरामोचीला भोवळ आली होती
आणि सेनबा, काही दिसत नसताना,
नव्वद किलोचं ते धूड
नुसत्या मनगटावर तोलून उभा होता.

तोच शॉट ठेवला.
पडद्यावर त्याला लोकांनी मैत्री म्हटलं.
मी वहीत हात लिहिला : डावा.

मग निशिवाकी आला, कोपरापर्यंत निळा,
मागच्या पडद्याचं आभाळ रंगवायला.
"उत्सुगीबाई, चंद्र काढू की नको?"
बावीस माणसं माझ्याकडे बघत राहिली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मी वही मिटली.
म्हटलं, ढग काढ.

चित्रपट चालला. पुलापर्यंत तर फारच चालला.
तेराव्या भागात गारोमू पुन्हा पन्नास मीटर,
पुन्हा एकटा, आणि त्या भेटीचा
कुणी चकार शब्द काढला नाही.
कुरामोचीनं मात्र सेनबाच्या लग्नात भाषण केलं म्हणे,
फार लांबलं.

भाचा साकुजी, वय नऊ, दोन्ही चित्रपट पाहून आला.
तेत्सुबे कुठं गेला, त्यानं विचारलं.
घरी, मी म्हटलं.
घर कुठं?
आणि मग, मोजा काढता काढता :
त्या ढगांच्या मागं
चंद्र होता का, मावशी?

मी जुनी वही शोधली. बारावा भाग, पान चाळीस.
माझंच अक्षर.
पस्तीसचा आकडा पुसट झालेला,
त्याखाली शाईनं, एकच शब्द.