खिडकीखालची जागा

भिंत इतकी हलकी असते, मला माहीत नव्हतं.
थर्माकोलच्या दोन पाट्या, मध्ये काळी जाळी,
टेसा एका वेळी चार ठोकळे उचलायची
आणि वाऱ्यानं एखादा हिसकावला की
कॅनोलाच्या कापलेल्या खुंटांवरून
त्याच्या मागे शिव्या देत पळायची.
सस्कॅचेवानमध्ये वाऱ्याला आडवं यायला काहीच नाही.
म्हणून तर हे घर.

घर पाहावं बांधून म्हणतात,
तेही एकोणसाठाव्या वर्षी, ट्रेलरमध्ये राहून.
लायल थर्माकोलवरच पेन्सिलीनं हिशेब मांडायचा:
सळया, खिडक्या, किती घनमीटर, किती कर्ज.
पूर्वेच्या भिंतीवर एक बेरीज चुकली,
ती खोडून त्याच्याखाली लिहिलं: दूध, खिळे.

सप्टेंबरची अठ्ठावीस. गवतावर पहाटेचं पांढरं.
यॉर्कटनहून मिक्सर सातला आला
आणि न बोलावता आला बोहदान मेल्निचुक,
वय एक्याऐंशी,
जन्मभर धान्याच्या कोठ्या उभारलेला.
ड्रायव्हरनं विचारलं, पाणी वाढवू का, घट्ट वाटतंय.
बोहदान म्हणाला, सूप नाही करायचं आपल्याला.

वासरू धरावं तसा लायलनं पाइप काखेत धरला.
चार फूट ओतायचं. थांबायचं.
सगळ्या घराला फेरी मारून पुन्हा चार फूट.
घाई केलीत तर भिंत ओकेल, बोहदान म्हणाला,
आणि ईशान्येच्या कोपऱ्यात ती ओकलीच,
पोतं फाटावं तसा आवाज,
टेसानं सरळ पाठ लावली फुगवट्याला,
मी प्लायवूड, मी स्क्रू, मी दातांत अजून चार स्क्रू,
कोणी काही बोललं नाही.
दोन बादल्या भिंत आमच्या बुटांवर वाळली.

मग तो निघाला मूठ आपटत.
आधी मूठ, मग कान, मग एक पाऊल पुढे.
भरली.
भरली.
भरली.
स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबला.
पुन्हा आपटली. टोपी काढली. पुन्हा.
इथे पोकळ आहे.

लायलनं व्हायब्रेटर पुन्हा सोडला, गुरगुरत वर काढला,
म्हणाला, काठोकाठ आहे.
ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता.
बोहदाननं वाद घातला नाही.
लायलच्या कानावरची पेन्सिल घेतली
आणि तिथे एक वर्तुळ काढलं, लहानसं,
वाटीच्या तोंडाएवढं.

त्यावर आता जिप्समचा तक्ता आहे, त्यावर रंग,
रंगाच्या डब्यावर लिहिलं होतं ‘ओट’.

जानेवारी. उणे एकोणचाळीस.
ट्रेलरमध्ये असतो तर रात्रभर पत्रा बडबडला असता.
भिंतींना कान असतात म्हणे,
ह्यांच्या कानांत कापसाचे बोळे.
फ्रिज ऐकू येतो, लायलचं गिळणं ऐकू येतं,
तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
तो झोपेत अंक मोजतो.
टेसा रेजायनाला गेली. तिच्या खोलीत
वारा तर नाहीच, ती नसल्याचाही आवाज नाही.

रविवारी बोहदानला वृद्धाश्रमात भेटते.
डाळीसारखं काहीतरी भरवतात त्याला चमच्यानं.
नर्सला तो तिच्या आईच्या नावानं हाक मारतो,
मला ओळखतो की नाही, सांगता येत नाही.
पण कोटाची बटणं लावू लागले की विचारतो,
खिडकीखालची?
मी म्हणते, भरलेली.
तो मान हलवतो. पटल्यासारखी नाही.

सकाळी किटली तापेपर्यंत
मी तळहात तिथे टेकवून उभी राहते.
कधी गार लागतं, कधी नाही,
कदाचित माझेच हात.
मग बोटाच्या पेरानं ठोकते, हळू,
लायल उठू नये म्हणून.
तक्ता, थर्माकोल, आणि त्याच्या मागे
जे असेल ते.
पुन्हा ठोकते.
किटली शिट्टी घालते आणि ऐकायचं राहून जातं.