कीस

रात्री अडीचला नळी आली.
फिरवून काढली, तर वरचा रस
गव्हाच्या काडासारखा पिवळा असायचा तो
कोकमाच्या आगळासारखा.

नेहमीचं लिहिलं : नमुना खराब, पुन्हा पाठवा.
सुई बारीक असेल, नर्स घाईत असेल,
नळी कुणी जोरात हलवली असेल.
न्यूकॅसलच्या जानेवारीत कुणाचे हात थरथरत नाहीत?
बावीस वर्षं हे वाक्य लिहिते आहे,
आता बोटंच लिहितात.

साडेपाचला दुसरी नळी. तोच रंग.
तेव्हा कळलं,
रक्त नळीत फुटलं नव्हतं.
माणसातच फुटत होतं.

तीन तास,
माझ्या त्या एका ओळीचे.

हेदरिंग्टन, विल्फ्रेड. वय एकाहत्तर.
हृदयाच्या टोकाला पंप, मिनिटाला नऊ हजार फेऱ्या.
पोटातून निघालेली वायर, दोन्ही बगलांत बॅटऱ्या.
नाडी लागत नाही.
आमच्या चिपळूणच्या वैद्यांनी हा हात धरला असता
तर घरच्यांना हळूच ओटीवर बोलावलं असतं.
आणि हा इथे चहात तिसरा चमचा साखर मागतो.

पात्याच्या मुळाशी गुठळी धरली होती.
तिच्या नि भिंतीच्या मधल्या फटीतून
एकेका पेशीला अंग चोरून जायचं,
मिनिटाला कितींदा, कोण मोजणार.
एकशेवीस दिवसांचं आयुष्य लिहून आणलेलं असतं त्यांनी.

काचेखाली पाहिलं :
चंद्रकोरी, फुटकी शिरस्त्राणं, खापऱ्या,
कुणीतरी चावून ठेवलेल्या पापडाच्या कडा.
शंभरात सात.

'रक्ताचं पाणी केलं' असं वडील म्हणायचे,
एस.टी.च्या वर्कशॉपमधल्या तीस वर्षांबद्दल.
मला ती बोलायची पद्धत वाटायची.

गुरुवारी तो स्वतः खाली आला.
नियमात बसत नव्हतं, पण सिस्टरने खुर्ची ढकलत आणलाच.
"पेट," म्हणाला. इथे लाडाने सगळ्यांनाच म्हणतात,
मला अजून दर वेळी
कुणी काडीला हुकूम सोडल्यासारखं वाटतं.
"पेट, माझंच आहे ना? मग बघू दे की."

चष्मा कपाळावर सरकवून त्याने डोळा लावला.
टाइनकाठच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं
याने वाफेच्या टर्बाइनची पाती बसवली होती,
केसाएवढ्या फटी पट्ट्या घालून तपासल्या होत्या.
"सोमवारीच सांगितलं होतं त्यांना," डोळा न काढता म्हणाला,
"आवाज बदललाय. उशीवर डोकं टेकलं की ऐकू येतो.
घासतंय कुठेतरी.
म्हणाले, आकडे ठीक आहेत, मिस्टर हेदरिंग्टन."

सोमवार. माझी नळी बुधवारची.
तरीही सांगून टाकलं :
पहिली मी परत पाठवली होती.

तो बराच वेळ स्क्रू फिरवत राहिला,
धूसर, स्पष्ट, पुन्हा धूसर.
त्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं
किती फिरवायचं ते.

"कीस आहे हा," म्हणाला शेवटी.
"लेथखाली पडतो तसा. लोखंडच ना रक्तातही?"
"लोखंडच."
"आमच्याकडे शेवटची पाळी झाडून जायची.
इथे कोण झाडतं?"
"मूत्रपिंडं."
"आणि ती दमली की?"

बगलेतल्या बॅटरीने टुक् केलं.
सिस्टरने खुर्ची वळवली.
दारापाशी त्याने हात वर केला, मागे न बघता,
पाळी सुटल्यावर करतात तसा.

खिडकीत नवीन नळ्या येऊन पडल्या होत्या.
एक उचलली, नाव वाचलं नाही,
दिव्यासमोर धरली.
लिहिणाऱ्या हाताला म्हटलं, थांब जरा.