सुंठ चालते

एकतीस वर्षं मी सांगलीच्या यार्डात हळद पुकारतो.
राजापुरी, सेलम, गोळा, कणी.
पोत्यात परखी घुसते, हळकुंड कटकन मोडतं,
शेठ लोक आतला रंग बघतात
आणि मी सुरू होतो: चौदा हजार, चौदा एक, चौदा दोन…
रुमाल धुतला की बादली पिवळी.
खाकरून थुंकलो, तर तेही.

डॉक्टर म्हणाले, धूळ आहे, मास्क लावा.
मास्क लावून पुकारा कसा करायचा
ते त्यांनी लिहून दिलं नाही.

ह्या फाल्गुनात गळा बसला.
बसला म्हणजे, आत कुणी ओलं पोतं टाकून गेलंय
आणि उचलायला हमाल येईना.

नबीलाल म्हणाला, मिरपूड मधातनं चाटा, मालक.
लोढाशेठनी मुनिमाकडनं ज्येष्ठमधाची काडी धाडली,
ती दिवसभर गालात धरून मी
बोटांनीच भाव दाखवत राहिलो.
खणभागातल्या आठल्ये वैद्यांनी
नाडीवर तीन बोटं ठेवून डोळे मिटले.
कफ साठलाय. दही बंद, केळं बंद, दुपारची झोप बंद.
आल्याचा रस, ओली हळद, मध.
रात्री निजताना.

घरी त्रिशलानं चिठ्ठी वाचली
आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेली.
मध? आपल्यात कुठं चालतो.
आलं, कंद.
ओली हळद, तीबी कंदच की.
आणि रात्री? अंथऊ झाल्यावर?
म्हणजे चिठ्ठीत उरला फक्त
वैद्यांचा फोन नंबर.

बराच वेळ ती डब्यांकडं बघत उभी राहिली.
मग म्हणाली, सुंठ चालते.
वाळलेलं चालतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी यार्डात फोन:
अजून पंचवीस मिनटं हाईत दिवस बुडायला.
तराजू, पावत्या, सगळं तसंच टाकून
मी स्कूटर हाणतो.
आयर्विन पुलापलीकडं सूर्य टेकायला आलेला असतो,
ती उंबऱ्यात पेला धरून उभी,
सुंठ, मिरी, पिंपळी, तुळशीची चार पानं,
वर जुना काळा गूळ.
हेल्मेट न काढताच पितो.
कानशिलं तापतात, नाक वाहतं,
कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हसतो.

पण खोकल्याला अंथऊ माहीत नाही.
तो बरोबर दीडला येतो.
मीठ-हळदीची गुळणी चालते का,
गिळायची नसते, म्हणून?
त्रिशलानं बस्तीतल्या उपाध्यांना विचारलंच नाही.
विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.
ती तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापवते,
आधी स्वतःच्या गालाला लावून बघते,
मग माझ्या छातीवर.
हे पोटात जात नाही, असं पुटपुटते,
मला सांगते की आणखी कुणाला, कळत नाही.

काल आवाज पुरताच गेला.
अण्णांच्या काळी सौदे रुमालाखाली व्हायचे,
बोटं दाबायची, गळ्याला काही काम नसायचं.
नवं लग्न झालं तेव्हा खेळ म्हणून
मी तिला ती बोली शिकवली होती.
माझ्या ध्यानातही नव्हतं.
अंधारात वाकळेखाली तिनं माझा हात धरला
आणि विचारलं, बोटांनीच: किती दुखतंय?
मी अख्खा पंजा दिला. पाच.
ती चारवर आली.
मी पाच.
तिनं चार आणि वर अर्धं बोट.
मला हसू आलं, हसण्यातून खोकला,
खोकल्यातून कधीचं अडकलेलं काहीतरी सुटून
तिनं पुढं केलेल्या वाटीत पडलं.

तिनं दिवा लावून बघितलं. पिवळं.
राजापुरी, ती म्हणाली.

मी बोटानं पाणी मागितलं.
तिनं खिडकीबाहेर बघितलं,
आणि माझ्या तळहातावर तीन बोटं दाबली.
तीन तास. मग सुंठ.